जामीनदाराची लेक

माझ्या सासूबाईंना सही येत नव्हती, पण तांदूळ निवडता निवडता त्या शेजारणीला सहज सांगायच्या, “हाफ मर्डरची केस हाय. सेशनला कन्विक्शन झालं. आता हायकोर्टात अपील टाकलंया, तवर बेलवर हाईत.” शेजारीणही मान डोलावून विचारायची, “हजेरी कितीदा हाय?” त्या घरात बी. ए.ला इंग्रजी घेतलेली मी एकटीच. पण खरं सांगायचं तर इंग्रजी रोज बोलायच्या त्या सासूबाईच.

मला सुरुवातीला याचं हसू यायचं. नंतर ध्यानात आलं की हे इंग्रजी शहाणपणा मिरवायला नव्हतं, अब्रू झाकायला होतं. ‘शिक्षा झाली’ म्हटलं की माणसाला मान खाली घालावी लागते. ‘कन्विक्शन झालं’ म्हटलं की काहीतरी दुखणं आल्यासारखं वाटतं, औषधपाणी केलं की उतरेल असं. ‘तुरुंगात’ म्हणायला जीभ रेटत नाही, ‘कस्टडीत’ चालून जातं. गुन्हा, आरोपी, कैद असले मराठी शब्द आमच्या उंबऱ्याच्या आत कुणी काढत नसे.

एक शब्द तेवढा सगळेजण मराठीत बोलत, आणि माझ्याकडं बघून बोलत. जामीनदार. माझे सासरे बेलवर होते आणि त्यांना जामीन राहिले होते माझे वडील. मला बी. एड. करून मास्तरीण व्हायचं होतं, आणि या एका शब्दापायी मी त्या घरात दहा-अकरा वर्षं अडकून पडले.

माहेर माझं बिद्रीकडं. आबांची म्हणजे माझ्या वडिलांची थोडी ऊसशेती, दोन म्हशी. मुलीला शिकवायची हौस मात्र दांडगी. एस्टीनं कोल्हापूरला जाऊन येऊन मी बी. ए. झाले, आणि गारगोटीला बी. एड.ला जायचं ठरवलं होतं तेवढ्यात गडमुडशिंगीचं स्थळ आलं. बघायला आले तेव्हा मामंजीच, म्हणजे सासरेच, चहाची बशी खाली ठेवून म्हणाले होते, “शिकू दे की. आमच्या घरात एक तरी मास्तरीण होऊ दे.” ते खोटं बोलले नव्हते, असं मला अजूनही वाटतं. नव्वदच्या दशकात हे असं आपणहून म्हणणारा सासरा मिळाला म्हणून आई पाहुण्यांत भाव खाऊन गेली होती.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत बांधावरून भांडण झालं. भाऊबंदकीतलं भांडण, पिढीजात. मामंजींच्या चुलत भावानं बांध कोरला, शब्दाला शब्द लागला आणि मामंजींनी हातातल्या खोऱ्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. माणूस वाचला, पण एका कानानं कायमचा गेला. कोर्टात वकिलानं सांगितलं की आरोपी तिथं नव्हताच. घरात मामंजी तसं कधी म्हणाले नाहीत. “हानला. न्हाय म्हणत न्हाय. डोस्कं फिरलं,” एवढंच म्हणायचे आणि आपल्याच तळहाताकडं बघत बसायचे.

सेशन कोर्टानं सात वर्षं सक्तमजुरी सांगितली आणि त्यांना तिथूनच कळंब्याच्या जेलला नेलं. काही महिन्यांनी मुंबईहून हायकोर्टाची ऑर्डर आली, इंग्रजीतली. वकिलानं अर्थ सांगितलाच होता, पण घरच्यांचा वकिलावर भरवसा नव्हता. घरात इंग्रजी वाचणारी सून असताना वकिलावर का विसंबायचं? पुढच्या सोप्यात सगळे बसले आणि मी वाचलं. अपील दाखल करून घेतलं आहे. निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवली आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ठाण्यात हजेरी द्यायची. आणि जामीनदार पाहिजे, स्वतःच्या नावावर जमीन असलेला.

इथं गाडं अडलं. सख्खे-चुलत तर समोरच्या पार्टीला. नणंदेच्या नवऱ्याला त्याच आठवड्यात ताप भरला. मामंजींचे साडू देवाला गेले. अडचण आली की सगळे सोयरे एकदम देवाला कसे जातात ते त्या देवालाच ठाऊक. शेवटी सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. माझ्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा जास्तीचा ठेवला. दुसऱ्या दिवशी नवरा बिद्रीला जाऊन आला आणि त्याच्या पुढच्या दिवशी आबा सातबारा पिशवीत घालून कोर्टात हजर झाले.

मीही गेले होते, काही वाचायचं निघालं तर असू दे म्हणून. कारकुनानं आबांना विचारलं, “आरोपी कोण तुमचा?” आबा म्हणाले, “लेकीचा सासरा.” “तारखेला हजर राहिला नाही तर जबाबदारी तुमची. कळलं?” “कळलं.” आबांनी सही केली.  आयुष्यात कोर्टाची पायरी न चढलेला माणूस, माझ्यासाठी चढला होता.

नंतर स्टँडवर मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. पायरीवर एक पाय ठेवून आबा वळले आणि हळू आवाजात म्हणाले, “मी जामीन झालोय. आता तू जपून ऱ्हा. तिकडं काय वाकडं झालं तर शेत जाईल.” मागून कुणीतरी ओरडलं, “पावणं, चढा की वर!” आणि ते चढले. बस गेली आणि मी तिथंच उभी राहिले.

त्यानंतर जे झालं ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडं सोयरीक आणि जामीन एकाच दाव्याला बांधायची रीत आहे. व्याही जामीन राहिला म्हणजे त्यानं आपली लेक मध्ये घालून शब्द दिला, असं लोक धरून चालतात. सासरच्यांनी हिशेब असा केला: सून नाराज होऊन माहेरी गेली की तिचा बाप जामीन काढून घेणार, आणि जामीन गेला की म्हातारा परत कळंब्याला. माहेरचा हिशेब उलटा: मी निघून आले की सासरे सूड म्हणून तारीख चुकवणार, आणि आबांची जमीन जाणार. हे दोन्ही हिशेब एकत्र करून कुणी कधी बोललं नाही. जो तो आपला अर्धा भाग पोटात ठेवून माझ्यावर लक्ष ठेवत होता.

मला छळलं, असं मी म्हणणार नाही. छळलं असतं तर निदान ओरडता आलं असतं. मला जपलं. बेंदराच्या दिवशी बैलाला जपतात तसं मला रोज जपत. बैलाला निदान दुसऱ्या दिवशी शेतात तरी नेतात. मला शिंक आली की सासूबाई गवती चहा उकळायच्या. माझ्यावर कुणी आवाज चढवत नसे. मामंजी तर बाहेरून आले की आधी माझा चेहरा बघायचे, मग पायताण काढायचे. “जेवलीस का पोरी?” हा प्रश्न दिवसातून किती वेळा ऐकला असेल! एकदा मी चिडून म्हटलं, “जेवले, मामंजी. अजून पळून गेले नाही.” त्यांचा चेहरा असा उतरला की मला संध्याकाळपर्यंत भाकरी गोड लागली नाही.

आणि माहेरी रात्र काढायची नाही. हा नियम. मुलगी झाली तेव्हा पहिलं बाळंतपणसुद्धा सासरीच झालं. पंचमीला भाऊ न्यायला यायचा, सोबत नवरा यायचा, झिम्मा-फुगडी रंगात आलेली असताना मला उठवून शेवटच्या एस्टीत बसवायचा. भाऊबीज दुपारची. आईच्या हातचं खायचं ते घड्याळाकडं बघत. मैत्रिणी म्हणायच्या, “काय बाई, नवऱ्याला एक रात्र करमत न्हाय व्हय?” आणि मी लाजल्यासारखं करायची. दुसरं काय सांगणार?

बी. एड.चं काय, ते वेगळं सांगायला नकोच. गारगोटीचं कॉलेज माहेरावरून जमण्यासारखं होतं, सासरहून नाही. म्हणजे वर्षभर माहेरी राहणं आलं. मी विषय काढला की सासूबाई म्हणायच्या, “निकाल लागू दे. मग खुशाल जा.” नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, “मी काय करू?” माझा नवरा वाईट नव्हता. चांगलाही नव्हता. एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्ट करायचा, घरी येऊन झोपायचा आणि जागेपणी ‘मी काय करू’ म्हणायचा. निकाल लागेपर्यंत त्या घरात सगळंच थांबलं होतं. माडी बांधायची थांबली, दुसरी म्हैस घ्यायची थांबली, दाराचा मोडका कोयंडासुद्धा निकाल लागल्यावर बसवू म्हणत वर्षानुवर्षं तसाच लोंबत होता. हायकोर्टाला काय, तिकडं आमच्यासारखी हजारो अपिलं पडलेली.

एकदा मात्र मी निघाले होते. आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं आणि मला आठ दिवस तिच्याजवळ राहायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, “रोज जाऊन ये की.” रोज मुडशिंगीहून बिद्रीला जाऊन ये!  पिशवीत दोन लुगडी कोंबली, मुलीला कडेवर घेतली आणि भर दुपारी स्टॉपवर येऊन उभी राहिले. इतका राग आला होता की ऊन लागत नव्हतं.

थोड्या वेळानं मामंजी आले. धावत आले असावेत, छाती वरखाली होत होती. त्यांनी मला हात लावला नाही, पिशवी ओढली नाही. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, जसे तेही त्याच बसनं जाणार होते.  मग रस्त्याकडंच बघत म्हणाले, “तिकडं कळंब्याला आत खोलीत दिवा रातभर चालू असतोय. डोळं झाकलं तरी उजेड आत येतोय.”  ते म्हणाले, “पोरी, तू गेलीस की तुझा बाप जामीन काढून घील. मग मला परत तिथं जायला लागंल. मी तुझ्या पाया पडतो. न्हाय झेपायचं आता.” आणि तो माणूस, ज्याच्यापुढं मी कधी डोक्यावरचा पदर खाली पडू दिला नव्हता, तो भर रस्त्यात खरोखरच वाकायला लागला.

मी त्यांना धरलं. बस आली, थांबली, गेली. मी मुलीला घेऊन घरी परत आले आणि ते माझ्यामागं चार पावलं अंतर ठेवून आले. आईचं शेजारच्या काकूंनी केलं. तिनं मला कधी बोल लावला नाही. त्या दिवसापासून मला मामंजींची दया यायची आणि त्या दयेचा भयंकर रागही यायचा. एखाद्यानं कोंडून घातलं तर दाराला लाथ तरी मारता येते. दारातच म्हातारं माणूस हात जोडून बसलं असेल तर काय करायचं?

दोन हजारानंतरची गोष्ट. गावातल्या पाच-सहा मुली फौजदारकीच्या परीक्षेची तयारी करत होत्या. त्यांना इंग्रजी शिकवायला कुणी नव्हतं. घरातल्या घरात आहे म्हटल्यावर सासूबाईंनी परवानगी दिली आणि सोप्यात माझी शिकवणी सुरू झाली. मास्तरीण झालेच म्हणायचं, उंबऱ्याच्या आतली. मुली पहाटे पळायचा सराव करून यायच्या, घामानं निथळत, पायांत बूट, आणि माझ्यासमोर मांडी घालून बसायच्या. त्यांना बघून मला उत्साह यायचा आणि हेवाही वाटायचा.

त्यांच्या गाईडात एक धडा होता, गुन्हा आणि शिक्षा या विषयावरच्या शब्दांचा. फौजदार व्हायचं तर हे शब्द यायलाच पाहिजेत. मी फळ्यावर एकेक लिहीत होते. अक्यूज्ड म्हणजे आरोपी. कन्व्हिक्ट म्हणजे गुन्हा शाबीत झालेला. अक्विट म्हणजे निर्दोष सोडणे. रिमांडचा अर्थ मी सांगायच्या आत सासूबाई चुलीपासून ओरडल्या, “रिमांड म्हंजे कोर्टानं पोलिसाकडं चौकशीला देणं! पहिलं पोलिसाचं, मग म्याजिस्ट्रेटचं!” मुली फिदीफिदी हसल्या. मीही हसले. त्या शब्दांशी आमच्या घराची अशी घसट होती.

मग आला होस्टेज. मी सांगितलं, “ओलीस.” एका मुलीनं विचारलं, “म्हंजे कैदीच की, म्याडम?” मी म्हटलं, “नाही. कैद्यानं काहीतरी केलेलं असतं. ओलिसानं काही केलेलं नसतं. दुसऱ्यानं शब्द पाळावा म्हणून त्याला धरून ठेवतात.” हे बोलले आणि मला फळ्याकडं तोंड करावं लागलं. खडू हातात होता, पण लिहायचं काय ते सुचेना. एवढं सरळ वाक्य इतकी वर्षं मी स्वतःला सांगितलं नव्हतं. मागं मुली वहीत उतरवून घेत होत्या.

पुढचा शब्द शुअरटी. जामीनदार. मी घाईघाईनं सांगून पुढं सरकणार होते, तेवढ्यात एक मुलगी बोलली. पन्हाळ्याकडची होती, आमच्या गावात मावशीकडं राहायची. आमच्याकडच्या मुली ‘सांगते’ म्हणत नाहीत, ‘सांगतो’च म्हणतात. “मी सांगतो म्याडम. आमचा मामा जामीनदार होता एकाला. नंतर पटंना. मामानं कोर्टात अर्ज दिला आणि झाला की मोकळा.”

“असा मधेच मोकळा होता येतो?” मी विचारलं.

“येतो की. कोर्ट त्या आरोपीला बोलवून घेतं, दुसरा जामीन दे म्हणतं. दिला तर बरं, न्हायतर मग आत.”

“आणि नाही काढला तर? समजा, जामीनदाराचं आणि त्या घराचं भांडण झालं, बोलणं बंद झालं, तर जामीनदाराचं काय जातं?”

“काय जात न्हाय. आरोपी तारखेला आला की झालं. भांडणाचं कोर्टाला काय करायचं हाय?”

मी शिकवणी लवकर सोडली. आबांकडं जाऊन येते म्हणाले आणि मुलीला आजीजवळ सोडून, कुणाच्या उत्तराची वाट न बघता चालू लागले. त्या दिवशी मामंजी मागं आले नाहीत, ते शेतात होते. एस्टीत खिडकीशी बसून मी एकच विचार करत होते: आबांना कसं सांगायचं? बिचाऱ्या आबांना माहीतच नसणार. इतकी वर्षं म्हातारा माणूस शेत जाईल या भीतीत जगला असणार. मी जाऊन त्यांना सोडवणार होते.

आबा गोठ्यात म्हशीला वैरण घालत होते. मी एकटी आलेली बघून त्यांच्या हातातली पेंढी तशीच राहिली. “काय झालं?” म्हणाले. मी सगळं एका दमात सांगितलं. जामीन कधीही काढता येतो. अर्ज द्यायचा, बस्स. आणि नाही काढला तरी म्हातारा तारखेला जातोय तोवर शेताला काही होत नाही.

आबांनी पेंढी म्हशीपुढं टाकली, हात झटकले आणि म्हणाले, “म्हाईत हाय.”

“काय माहीत आहे?”

“सगळंच. पहिल्याच साली वकिलाला इचारलंतं. सही करून घरी आलो आणि मला झोप येईना, म्हणून परत गेलतो. वकील म्हणाला, तुमचा व्याही हजर ऱ्हातोय तवर तुम्हाला भ्या न्हाय. आणि नको वाटलं तर कधीबी अर्ज द्या.”

“मग का नाही दिला?”

“तुझ्यापायी.” आबा गव्हाणीच्या कडेला बसले. “तुला दिली त्या घरात. तिथं तुझं माझ्याबिगार कोण हाय? मी जामीन हाय तवर तुला कोण वाकडं बोलत न्हाय. मी काढून घेतला असता आणि व्याही आत गेला असता तर तुला त्यांनी नीट ठेवली असती व्हय? एवढं एकच माझ्या हातात होतं तुझ्यासाठी. म्हणून धरून ठेवलं.”

मला हुंदका आला नाही, संताप आला. मी ओरडले, “आबा, मी तुमच्या शेतासाठी राहिले तिथं!”

“शेताला काय होतंय?”

“तुम्हीच म्हणाला होता स्टँडवर. शेत जाईल म्हणून. मी आईच्या ऑपरेशनला आले नाही, आबा. बी. एड. केलं नाही. एक पंचमी नीट खेळले नाही. तुमचं शेत जाईल म्हणून.”

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांचं डोकं इतकं पांढरं झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. “तवा भ्यालतो मी. म्हणून बोललो,” ते म्हणाले. “नंतर वकिलानं सांगितलं. मग तुला सांगायचं ऱ्हाऊन गेलं. मला वाटलं, तू तिथं सुखात हाईस. माहेरी रात ऱ्हात न्हाईस म्हंजे तिथं रमलीस. तुझी आईबी तसंच म्हणायची.”

 म्हैस कडाकडा वैरण चावत होती. मग आबा उठले आणि म्हणाले, “उद्या जातो कोर्टात. काढून टाकतो.” ते खरंच गेले असते. आणि दुसरा जामीनदार कोण मिळणार होता? पुन्हा सगळे देवालाच गेले असते. म्हणजे मी नुसती मान हलवली असती तर आठवड्याभरात तो म्हातारा कळंब्याला गेला असता. हे माझ्या हातात आहे हे तेव्हा कळलं. मला ते नको होतं. मला त्यांना आत घालायचं नव्हतं, मला बाहेर पडायचं होतं.

“जामीन राहू दे,” मी म्हणाले. “तो तुमच्या आणि त्यांच्यातला आहे. माझा त्यात काही संबंध नाही. मी येत्या जूनपासून इथं राहते. बी. एड. होईपर्यंत.”  आबा आत जाऊन आईला म्हणाले, “पोरगी आज ऱ्हाणार हाय.” आणि मी राहिले. आबा जामीन राहिल्यापासून माहेरी काढलेली ती पहिली रात्र.

सकाळी सासरी पोचले तेव्हा सगळे सोप्यात बसले होते, नवऱ्यानं शिफ्ट बुडवली होती.  मामंजी खांबाला टेकून बसले होते. नेमका त्यांचा हजेरीचा सोमवार होता. धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून तयार होते, पण ठाण्याकडं निघाले नव्हते. मी आधी घरी येते की आधी पोलीस येतात, याची वाट बघत बसले होते.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. आबा जामीन काढणार नाहीत. त्यांना कधीच काढायचा नव्हता. मी घरात असले काय, नसले काय, त्यांनी काढला नसता. आणि जूनपासून मी मुलीला घेऊन बिद्रीला राहणार, बी. एड. करणार. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. नवरा म्हणाला, “मी काय करू?” मी म्हटलं, “काही करू नका. तेच करत आलाय.”

मामंजी मात्र माझ्याकडं टक लावून बघत होते. ते हळूहळू, एकेक शब्द जोडत बोलले, “म्हंजे तू त्या दिवशी गेली असतीस, तरीबी मी भाईरच ऱ्हायलो असतो?”

“हो, मामंजी.”

“आणि मी बेलवर आल्या आल्या शिकायला गेली असतीस तरी?”

“तरी.”

त्यांनी पटक्यावरून हात फिरवला.  “मग मी तुला कशापायी कोंडून घातली, पोरी?”

माझ्याकडं याला उत्तर होतं. भ्यालात म्हणून, असं म्हणता आलं असतं. आबाही भ्याले, मीही भ्याले, असं म्हणून त्यांच्या अंगावरचं ओझं थोडं हलकं करता आलं असतं. मी केलं नाही. ते उठले, पायताण घातलं आणि हजेरीला गेले. जाताना ‘जेवलीस का’ असं त्यांनी विचारलं नाही.

मी जूनमध्ये गेले. वर्गात सगळ्यांत मोठी मीच, पोरी मला ताई म्हणायच्या. पुढं नोकरीही लागली. लोक म्हणतात, उशिरा का होईना, झालं ना मनासारखं? झालं. पण मला कुणी छळलं नव्हतं, कुणी माझं वाईट चिंतलं नव्हतं, आणि तरी माझ्या आयुष्यातली ती सगळी वर्षं गेली. ती कुणाच्या नावावर टाकायची हेच मला कळत नाही. दोन्ही म्हातारे आता नाहीत. मामंजी गेले तेव्हाही अपिलाचा निकाल लागलेला नव्हता. आबांच्या आठवणीनं डोळ्यांत पाणी येतं आणि त्याच पाण्यात अजून राग असतो.